आधी प्रत, मग सफाई: फोनमधले फोटो सांभाळायची पद्धत

फोन भरला की पहिला हात फोटोंवर पडतो. 'स्टोरेज फुल' अशी सूचना येते, कॅमेरा उघडेनासा होतो, आणि नेमकं हळदीला किंवा बारशाला उभं असताना घाईघाईत शे-दोनशे फोटो उडवले जातात. त्यात काय काय गेलं ते पुढे कधीतरी एखादा फोटो शोधताना कळतं. म्हणून या लेखातला क्रम महत्त्वाचा आहे. सफाई ही अगदी शेवटची पायरी. त्याआधी प्रत्येक फोटो दोन वेगळ्या ठिकाणी पोहोचलाय याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायची.

आपल्याकडे बहुतेक घरांत अँड्रॉइड फोन आणि गुगल फोटोज असतं, म्हणून मुख्य माहिती त्याचीच देते. आयफोनवाल्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे.

खातं कोणाचं, पासवर्ड कोणाकडे?

गुगल फोटोज उघडा आणि वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टॅप करा. तिथे जो ईमेल दिसतो, त्याच खात्यात तुमचे फोटो जातात. आता स्वतःला विचारा, याचा पासवर्ड मला येतो का? अनेकांना येत नाही. फोन घेताना दुकानातल्या मुलानेच खातं उघडून दिलेलं असतं, पासवर्डही त्यानेच टाकलेला असतो, आणि रिकव्हरीसाठी दिलेला नंबर केव्हाच बंद पडलेल्या सिमचा असतो. फोन चालू आहे तोवर काही अडत नाही. फोन हरवला किंवा बिघडला की मग त्या खात्यात शिरायचा रस्ताच उरत नाही, आणि फोटो गुगलकडे सुखरूप असूनही आपल्याला मिळत नाहीत.

म्हणून फोटोंना हात लावायच्या आधी हे करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये गुगल, तिथून 'मॅनेज युअर गुगल अकाउंट', तिथून सिक्युरिटी. पासवर्ड आठवत नसेल तर फोन हातात असतानाच 'फरगॉट पासवर्ड' करून नवा घ्या. ज्या फोनवर खातं आधीपासून चालू आहे त्यावर ओळख पटवणं सोपं जातं. रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल आजचे आहेत ना ते बघा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डसोबत आणखी एक खूण मागणारी सोय) चालू करा आणि तिथेच मिळणारे बॅकअप कोड घ्या. ८ आकड्यांचे १० कोड मिळतात आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते छापून किंवा वहीत उतरवून एलआयसीच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा. फोन चोरीला जातो तेव्हा सिमही जातं, त्यामुळे ओटीपी यायची सोय राहत नाही. त्या दिवशी हा कागद कामी येतो.

दर नव्या फोनला नवं खातं उघडायची सवयही मोडा. जुनी खाती असतील तर त्यांत एकदा शिरून बघा. दोन वर्षं कोणीच न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल काढून टाकू शकतं. हा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आला आहे. बाबांच्या जुन्या फोनचे फोटो अशाच एखाद्या विसरलेल्या खात्यात असू शकतात.

बॅकअप चालू करताना

बॅकअप म्हणजे फोटोंची प्रत गुगलकडे चढवून ठेवणं. त्याच गोल चित्रावर टॅप करून 'फोटोज सेटिंग्ज', मग 'बॅकअप'. तो चालू केला की गुणवत्तेचा पर्याय येतो. 'ओरिजिनल क्वालिटी' म्हणजे फोटो जसाच्या तसा. 'स्टोरेज सेव्हर'मध्ये फोटो दाबून लहान केला जातो, १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा असेल तर १६ वर आणला जातो, आणि व्हिडिओचा दर्जा १०८०पी (फुल एचडी) पर्यंत खाली येतो. माझं मत असं: मूळ फोटो हार्ड डिस्कवर नीट ठेवणार असाल तर क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या गुगलच्या जागेत, स्टोरेज सेव्हर चालेल. हार्ड डिस्क होणारच नसेल, तर ओरिजिनल ठेवा आणि जागेसाठी पैसे मोजा. एकमेव प्रत दाबलेली असू नये.

खाली 'बॅक अप डिव्हाइस फोल्डर्स' असा पर्याय असतो. सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर जातं. व्हॉट्सॲप, स्क्रीनशॉट, डाउनलोड जात नाहीत. 'माझे सगळे फोटो गुगलवर आहेत' म्हणणाऱ्यांचे निम्मे फोटो इथेच राहून गेलेले असतात, कारण लग्नाचे, सहलीचे फोटो त्यांच्याकडे व्हॉट्सॲपवरून आलेले असतात. तरी व्हॉट्सॲपचं अख्खं फोल्डर चालू करा असं मी सांगणार नाही. शुभ सकाळ आणि सणांच्या शुभेच्छांनी खात्यातली जागा भरून जाईल. हवा तो फोटो उघडून त्याचा तेवढा बॅकअप घेता येतो.

घरी वायफाय नसेल तरी अडत नाही. मोबाइल डेटावर बॅकअपची परवानगी देता येते, रोजची मर्यादा घालता येते आणि व्हिडिओ वगळता येतात. रोज दीड-दोन जीबीचा पॅक असणाऱ्यांचा बराच डेटा रात्री बाराला वाया जातो. झोपण्याआधी फोन चार्जिंगला लावून गुगल फोटोज थोडा वेळ उघडं ठेवलं, तर तोच डेटा सत्कारणी लागतो.

बॅकअप 'अडकला' असेल तर बहुतेक वेळा बॅटरी वाचवणारी सेटिंग कारणीभूत असते. काही कंपन्यांचे फोन पडद्यामागे चालणारी ॲप्स परस्पर बंद करतात. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात गुगल फोटोज, त्यात बॅटरी, आणि तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा.

खरंच पोहोचले का?

ही पायरी कोणी करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच. ॲपमध्ये 'बॅकअप कम्प्लीट' दिसलं म्हणून थांबू नका. एखादा फोटो उघडा, बोटाने वर सरकवा. खाली तारीख, कॅमेऱ्याचं नाव, फाइलचं नाव येतं आणि त्यात 'बॅक्ड अप' अशी ओळ असते. सोबत किती एमबी आणि कुठली गुणवत्ता तेही असतं. ओळीत 'ऑन डिव्हाइस' एवढंच दिसत असेल तर तो फोटो फक्त फोनमध्ये आहे.

मग दुसऱ्या यंत्रावर जा. मुलीच्या लॅपटॉपवर किंवा घरातल्या दुसऱ्या फोनच्या ब्राउझरमध्ये फोटोज डॉट गुगल डॉट कॉम उघडून आपल्या खात्याने शिरा. तीन ठिकाणी बघा: अगदी कालचा फोटो, मधल्या एखाद्या महिन्यातला, आणि सगळ्यात जुना. एखादा मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहा, कारण अडकतात ते बहुधा मोठे व्हिडिओच. हे सगळं दिसलं की क्लाउडवरची प्रत आहे असं म्हणायचं.

डिलीटचं बटण नेमकं काय करतं

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: "अगं, गुगलवर आहेत ना सगळे, मग फोनमधून काढले तर काय बिघडलं?" कुठून काढले, त्यावर उत्तर अवलंबून आहे.

गुगल फोटोजमध्ये फोटो निवडून साधं 'डिलीट' दाबलंत, तर तो फोनमधूनही जातो आणि गुगलच्या खात्यातूनही. बॅकअप बंद करून ठेवला असला तरी आधी वर गेलेल्या फोटोंना हाच नियम लागतो. फोन आणि क्लाउड इथे जोडलेले आहेत. इकडे केलेलं तिकडे उमटतं. त्यामुळे नुसत्या क्लाउडला मी पुरता बॅकअप मानत नाही. नातवाने खेळता खेळता शंभर फोटो निवडून डिलीट केले, तर ते क्लाउडवरूनही जातील.

फोनमधली जागाच मोकळी करायची असेल तर दोन वाटा आहेत. गोल चित्रावर टॅप केल्यावर येणाऱ्या यादीत 'फ्री अप स्पेस' आहे. ज्या फोटोंचा बॅकअप झालाय त्यांचीच फोनमधली प्रत हे बटण काढतं, क्लाउडवरची तशीच राहते. एखादाच फोटो असेल तर तो उघडून मेनूमधलं 'डिलीट फ्रॉम डिव्हाइस' वापरा. पण यानंतर त्या फोटोंची प्रत एकाच जागी उरते, तीही इंटरनेट असेल तरच पूर्ण दिसणारी. म्हणून हार्ड डिस्कवर प्रत घेईपर्यंत 'फ्री अप स्पेस'ला हात लावू नका.

फोनच्या स्वतःच्या गॅलरीतून फोटो काढला तर साधारणपणे फोनमधलाच जातो. पण गुगल फोटोज पुढे कधीतरी विचारतं की तिकडे काढलेले हे फोटो इकडेही काढू का. न वाचता 'हो' म्हटलं की क्लाउडवरचेही गेले.

चुकून गेलेच, तर आधी 'ट्रॅश' किंवा 'बिन' बघा. बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. आणि 'लॉक्ड फोल्डर'मध्ये काही ठेवलं असेल तर ध्यानात असू द्या: त्याचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. तो केला नसेल तर फोन रीसेट होताना किंवा ॲप काढून टाकताना ते फोटो कायमचे जातात. आधार, पॅन यांचे फोटो असे लपवण्यापेक्षा कागदपत्रांसाठी डिजिलॉकर वापरलेलं बरं.

१५ जीबी भरले, आता?

१ जून २०२१ पर्यंत दाबलेले फोटो गुगल फोटोजवर कितीही ठेवता येत होते. त्याआधी त्या गुणवत्तेत चढवलेले आजही मोजले जात नाहीत, पण नंतरचे सगळे १५ जीबीच्या फुकट जागेत मोजले जातात. ती जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांत मिळून आहे, आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच धरतात. जागा भरली की फोटो चढायचे थांबतात आणि जीमेलवर मेल येणंही बंद होतं. बँकेचे, शाळेचे मेल का येत नाहीत याचं कारण कधीकधी हळदीच्या व्हिडिओंत सापडतं!

जागा खातात ते व्हिडिओ. १२ मेगापिक्सेलचा साधा फोटो तीन-चार एमबीचा असतो. एका मिनिटाचा ४के (१०८०पी पेक्षा चौपट बारकाव्याचा) व्हिडिओ, नव्या पद्धतीने दाबून साठवला तरी, १७० एमबीच्या आसपास जातो. १०८०पी मध्ये तोच ६० एमबीच्या घरात. म्हणजे दीड तासाच्या ४के चित्रणात १५ जीबी संपले. मुलांच्या रोजच्या खेळण्याचे व्हिडिओ १०८०पी वर घ्या. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एकदा बदललं की झालं.

गुगल फोटोजच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघडा. तिथे मोठे व्हिडिओ, धूसर फोटो, स्क्रीनशॉट वेगवेगळे काढून दाखवलेले असतात. मोठ्या व्हिडिओंपासून सुरुवात करा. चार काढले तरी हजारभर फोटोंची जागा होते. तिथलं मशीन 'धूसर' म्हणून आजीचा हललेला, पण तिचा हसतानाचा एकमेव फोटोही पुढे करतं. म्हणून 'सिलेक्ट ऑल' करू नका, एकेक बघा. संगणकावरून सगळे जुने फोटो स्टोरेज सेव्हरमध्ये दाबायचीही सोय आहे, पण एकदा दाबले की मूळ दर्जा परत मिळत नाही.

एवढं करूनही जागा कमी पडत असेल तर पैसे भरायला कचरू नका. गुगलची १०० जीबीची योजना महिन्याला १३० रुपयांच्या आसपास आहे आणि ती आणखी पाच जणांच्या कुटुंबात वाटून घेता येते. एकमेकांचे फोटो एकमेकांना दिसत नाहीत, फक्त जागा सामाईक होते. एक मात्र बघा, पैसे भरायचे थांबले आणि जागा मर्यादेच्या वर दोन वर्षं राहिली, तर गुगल त्यातले फोटो, मेल आणि फाइली काढू शकतं.

व्हॉट्सॲपचा पसारा

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. वर दोन कप्पे दिसतील: अनेकदा फॉरवर्ड झालेलं आणि ५ एमबीपेक्षा मोठं. पहिल्यातलं बहुतेक सगळं जाऊ शकतं. दुसऱ्यात घरचे व्हिडिओ असतात, तिथे सावकाश. मोठ्या ग्रुपांसाठी 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा, म्हणजे तिथले नवे फोटो गॅलरीत येणारच नाहीत.

व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो आणि कधी, कुठे काढला ही त्याच्या पोटातली माहितीही निघून जाते. फाइलच्या नावात 'डब्ल्यूए'च्या आधी जी तारीख असते ती फोटो व्हॉट्सॲपवर आल्याची, काढल्याची नव्हे. म्हणून मेमधल्या लग्नाचे फोटो जुलैत मिळाले तर ते जुलैत जाऊन बसतात. घरचं कार्य झालं की काढणाऱ्याकडून मूळ फोटो मागा. त्याने ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत किंवा गुगल फोटोजमध्ये शेअर्ड अल्बम करून लिंक द्यावी, म्हणजे कोल्हापूरचे मामा आणि न्यू जर्सीची ताई आपापले फोटो एकाच जागी टाकू शकतात. अल्बममध्ये नुसतं बघून थांबू नका, हवे ते 'सेव्ह' करा. मूळ मालकाने अल्बम काढला की न ठेवलेले फोटो तुमच्यापुढून जातात.

दुसरी प्रत: हार्ड डिस्क

क्लाउडशी न जोडलेली प्रत ती ही. पेनड्राइव्ह फोटो इकडून तिकडे न्यायला ठीक, वर्षानुवर्षं ठेवायला नको. फोटोग्राफरने लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर दिले असतील तर त्याच आठवड्यात उतरवून घ्या. कपाटात लग्नाची सीडी पडली असेल तर सीडी चालवणारा संगणक मिळतोय तोवर तीही.

हार्ड डिस्क लॅपटॉपला लावा आणि फोनही केबलने जोडा. फोनवर सूचना येईल, तिथे 'फाइल ट्रान्सफर' निवडा, नाहीतर नुसतं चार्जिंग होत राहतं. संगणकावर फोनचं स्टोरेज उघडून 'डीसीआयएम' नावाचं फोल्डर, त्यात कॅमेरा. फोटो निवडा आणि हार्ड डिस्कवर कॉपी करा. कट करू नका; मध्येच केबल निसटली तर काही फोटो इकडचेही नाहीत आणि तिकडचेही नाहीत असं होतं. शेवटी दोन्हीकडच्या फोल्डरवर प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते बघा.

फोनमधून आधीच निघालेले, फक्त क्लाउडवर असलेले फोटो केबलने मिळणार नाहीत. ते गुगलकडून एकत्र मागवून घ्यायची जागा म्हणजे टेकआउट डॉट गुगल डॉट कॉम. तिथे आधी 'डीसिलेक्ट ऑल' करा, मग फक्त गुगल फोटोजवर खूण. त्याच्या यादीत वर्षांची फोल्डरं आणि तुमचे अल्बम वेगवेगळे दिसतात. फक्त वर्षं निवडा, नाहीतर अल्बममधला प्रत्येक फोटो दोनदा येतो. एकावेळी दोन-तीन वर्षं घ्या. काही तासांनी किंवा एखाद-दोन दिवसांनी ईमेलवर लिंक येते आणि ती आठवडाभरच चालते, तेव्हा घरी असाल अशाच दिवसांत मागवा. उतरलेल्या झिपमध्ये (अनेक फाइली बांधलेल्या एका गठ्ठ्यात) फोटोंशेजारी त्याच नावाच्या जेसन फाइली असतात. कचरा समजून काढू नका. तुम्ही गुगल फोटोजमध्ये सुधारलेल्या तारखा आणि लिहिलेली वर्णनं त्यांत असतात.

फोल्डरचं नाव ठेवताना वर्ष आधी, मग महिना, मग प्रसंग आणि गाव: '२०२४-०९ गणपती कणकवली'. वर्ष आधी असलं की फोल्डरं आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. प्रत्येक फोटोला नाव देत बसू नका, असं सुरू केलेलं काम कधीच संपत नाही. महिन्याचं फोल्डर आणि मोठ्या प्रसंगांची वेगळी फोल्डरं एवढं पुरतं.

डिस्क काम झालं की 'इजेक्ट' करून काढा आणि सिलिका जेलची पुडी घालून कोरड्या डब्यात ठेवा, कोकणात तर नक्कीच. जमलं तर दुसरी डिस्क वेगळ्या घरी, बहिणीकडे किंवा मुलाकडे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पुराचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा अल्बम आणि संगणक एकाच कपाटात, एकाच पाण्यात होते. डिस्क वर्षातून दोनदा तरी लावा, मधलेच काही फोटो उघडून बघा. आवाज येऊ लागला किंवा उघडायला वेळ लागू लागला की लगेच नवी घ्या.

आयफोन असेल तर

आयक्लाउडवर फुकट जागा ५ जीबीच, म्हणजे पैसे भरावेच लागतात. 'आयक्लाउड फोटोज' चालू असेल तर फोनमधून काढलेला फोटो सगळीकडून जातो. 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये तो साधारण ३० दिवस सापडतो. 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' चालू असेल तर फोनमध्ये लहान प्रती राहतात आणि मूळ फोटो आयक्लाउडवर असतात, त्यामुळे केबलने संगणकावर सगळं येईल अशी आशा धरू नका. पूर्ण संग्रह प्रायव्हसी डॉट ॲपल डॉट कॉम या पत्त्यावरून मागवता येतो.

आपल्यामागे

हा विषय घरात कोणी काढत नाही, पण माणूस गेल्यावर त्याचे फोटो मिळवायला घरचे किती ठिकाणी हात जोडतात ते मी जवळून पाहिलंय. गुगल खात्यात 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. किती महिने खातं वापरलं गेलं नाही की घरच्यांना कळवायचं, ते आपण ठरवायचं: ३, ६, १२ किंवा १८. दहा जणांपर्यंत नावं देता येतात आणि कोणाला फोटो द्यायचे, कोणाला मेल, तेही निवडता येतं. आयफोनवर हेच काम 'लेगसी कॉन्टॅक्ट' करतं. त्यात तयार होणारी ॲक्सेस की (आपल्यामागे खातं उघडायला लागणारा कोड) त्या व्यक्तीकडे पोहोचवून ठेवा. गुगलमध्ये त्या व्यक्तीचा मोबाइल नंबर लागतो, कारण तिची ओळख त्यावरूनच पटवली जाते. तिने नंबर बदलला की इथेही बदला.